लांब शिट्टी

१

इमॅन्युएल सरांची सकाळ घड्याळाच्या आधी उगवायची. पावणेसहाला स्कूटर घराबाहेर, सहाला विद्यापीठाचं मैदान, आणि सहा वाजून एका मिनिटानं जी मुलगी येईल तिला मैदानाच्या पाच फेऱ्या. सव्वीस वर्षं हे असंच चाललं होतं. त्यांची बायको मेरी म्हणायची, "चर्चमध्ये लग्न माझ्याशी लागलं, पण संसार तुमचा त्या मैदानाशीच." सरांना यात टोमणा ऐकू यायचा नाही. उलट ते खूश व्हायचे.

नोव्हेंबरनंतर मैदानावर यायला कुणी उरलं नव्हतं. मुलींचा खो-खोचा संघ आंतरविद्यापीठ स्पर्धेला निघाला होता. सर मॅनेजर लोकांच्या बैठकीसाठी आदल्या दिवशीच एसटीनं पुढं गेले. मागून मुलींची क्रूझर पहाटे निघाली आणि श्रीगोंद्याच्या पुढं रस्त्यावर अंधारात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर जाऊन आदळली. आत बारा जणी होत्या. आठ गेल्या. चौघी वाचल्या, पण त्यातल्या एकीलाही अजून नीट चालता येत नव्हतं.

तरी सर रोज सहाला मैदानावर यायचेच. काय करायचे? काही नाही. या खांबापासून त्या खांबापर्यंत चालायचे, परत यायचे, पुन्हा निघायचे. घरी बसलं की जीव घाबरा व्हायचा, इथं आलं की नुसताच अस्वस्थ व्हायचा. तेवढाच फरक होता, पण तोही त्यांना पुरत होता.

डिसेंबरातल्या एका मंगळवारी ते आले तेव्हा मैदानाची निगा राखणारा गोरक्षनाथ कडेला उभा होता. हातात पाण्याची नळी होती, पण नळ बंद होता.

"सर, राती इथं कुनी सराव केला का?" त्यानं विचारलं.

"कोण करणार?"

"मंग हे बघा."

खो-खोत आठ जणी मधल्या पाटीवर आठ चौकोनांत उकिडव्या बसतात. एकीचं तोंड इकडं तर दुसरीचं तिकडं. नववी पळते. ती बसलेलीच्या पाठीवर मागून तळवा टेकवून "खो" म्हणते. मग बसलेली उठून पळते आणि खो देणारी तिच्या जागी बसते. खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही, हा नियम शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. डाव संपला की पंच लांब शिट्टी मारतात, तेव्हा मात्र सगळ्या एकदम उठतात.

आदल्या संध्याकाळी गोरक्षनाथनं पाणी मारून रोलर फिरवला होता. त्या गुळगुळीत मातीत आता आठही चौकोन भरलेले होते. प्रत्येकात दोन चवड्यांचे ठसे आणि त्यांच्यापुढं दहा बोटांचे दहा खळगे. एका चौकोनातल्या ठशांचं तोंड वडाकडं, पुढच्याचं गेटकडं, असं आलटून पालटून. येण्याजाण्याची पावलं कुठंच नव्हती. गोरक्षनाथ चारही बाजूंनी फिरून बघून आला होता.

"हॉस्टेलची पोरं," सर म्हणाले. "चावटपणा. दुसरं काय?"

"व्हय, तसंच आसंल," गोरक्षनाथ म्हणाला. पण रोलर ओढायला त्यानं हात लावला नाही. शेवटी सरांनीच ओढला.

२

आदल्याच दिवशी, सोमवारी, इथंच शोकसभा झाली होती.

ती कल्पना सरांचीच. हॉलमध्ये खुर्च्या मांडून भाषणं ऐकायची त्यांना इच्छा नव्हती. मुली मैदानाच्या होत्या, निरोपही मैदानावरच द्यायचा. गोरक्षनाथनं पांढऱ्या फक्कीनं मैदान आखलं. आठ चौकोनांत आठ चौरंग, त्यांवर आठ फोटो ठेवले. सरांनी ते खेळात बसवतात तसे आलटून पालटून तोंडं करून ठेवले. पाचव्या चौकोनात सत्यशीला होती, तोंड गेटकडं.

सगळं विद्यापीठ आलं होतं. कुलगुरू आले, कँटीनवाले आले, कधी मैदानावर न फिरकणारे ग्रंथपालसुद्धा आले. तिसगावहून सत्यशीलाची आई छबूबाई आली होती. ती पाचव्या चौकोनाजवळ जाऊन बसली आणि फोटोवरची धूळ पदरानं पुसत राहिली, पुसून झाली तरी पुसत राहिली.

"आता आपण दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू," माईकवर सांगितलं गेलं. "इमॅन्युएल सर, तुम्ही शिट्टी द्यावी."

सरांनी शिट्टी दिली, आखूड. सव्वीस वर्षं याच शिट्टीनं ते डाव सुरू करत आले होते. हजार माणसं गप्प झाली. वडावरचे पोपट तेवढे बोलत राहिले.

दोन मिनिटं झाली. आता दुसरी शिट्टी द्यायची होती, लांब. सरांनी ती ओठांत धरली आणि समोर त्यांना आठ चेहरे दिसले, आठही त्यांच्याकडं न बघणारे. फुंकर निघेना. शेवटी कुणीतरी माईकवर "धन्यवाद" म्हणालं, लोक हलले, चपला घासल्या, चौरंग उचलले गेले. शिट्टी सरांच्या मुठीत ओली होऊन तशीच राहिली.

डाव सुरू झाला होता, संपवला कुणी नव्हता. पण ही गोष्ट तेव्हा कुणाच्या डोक्यात यायची? शोकसभेला डाव कोण समजतं?

३

बुधवारी ठसे होते. गुरुवारीही होते. शुक्रवारी सरांनी फक्कीच्या रेषा खराट्यानं झाडून टाकायला लावल्या. शनिवारी मैदानावर एक रेष नव्हती, चौकोन नव्हते, आणि जिथं चौकोन होते तिथंच ठसे होते. फूटपट्टीनं मोजून बसल्यासारखे.

सरांनी स्वतःला शहाणपणाच्या चार गोष्टी सांगितल्या. विद्यापीठात दीड हजार मुलं राहतात. दुःखात माणसं विचित्र वागतात. कुणीतरी त्या मुलींची आठवण म्हणून येऊन बसत असेल, काठीनं पावलं पुसत परत जात असेल. हे सगळं अगदी पटण्यासारखं होतं. पटलं की ते उठायचे आणि खिडकीतून पुन्हा मैदान बघायचे.

क्रीडा विभागाची खोली मैदानाला लागूनच होती. तिथं भिंतीलगत प्लास्टिकच्या आठ खुर्च्या होत्या. पुढच्या सोमवारी सकाळी सरांनी कुलूप उघडलं, तर त्यातली एक खुर्ची दाराकडं तोंड करून होती, दुसरी भिंतीकडं, तिसरी दाराकडं, चौथी भिंतीकडं.

"गोरक्षनाथ, खुर्च्या कुणी हलवल्या?"

"किल्ली तुमच्यापाशी हाय, सर."

सरांनी खुर्च्या सरळ केल्या. त्यांच्याकडं पाठ करून टेबलाशी बसले आणि हजेरीचे कागद चाळू लागले. थोड्या वेळानं मागून आवाज आला. मोठा नव्हता. फार वेळ उकिडवं बसलेल्या माणसानं भार एका पायावरून दुसऱ्यावर घेतला की गुडघा वाजतो ना, तेवढाच. कट्. मग दुसरीकडं, कट्.

हा आवाज सरांच्या सव्वीस वर्षांपासून ओळखीचा होता. मुलींना दहा-दहा मिनिटं चौकोनात बसवून ठेवायचं ही त्यांची जुनी शिस्त. मग एकेक मुलगी कुरकुर करू लागायची, "सर, पाय भरून आलेत." आणि सर प्रत्येक वेळी घड्याळाकडं बघत म्हणायचे, "अजून थोडं."

त्यांनी मागं वळून बघितलं नाही. टेबलावरचा मोबाईल उचलला आणि सरळ बाहेर उन्हात येऊन उभे राहिले.

४

त्याच दुपारी सत्तारभाई आले. मुकुंदनगरचे सत्तारभाई, टेम्पो चालवणारे. अर्शीचे वडील.

अर्शीबद्दल सगळं विद्यापीठ म्हणत होतं की तिला देवानंच ठेवली. संघातली सगळ्यात चपळ मुलगी, खांबापासून पळायला सुरुवात करणारी. उजव्या हाताची मधली दोन बोटं एकदा मोडलेली, म्हणून ती कायम चिकटपट्टीनं एकत्र बांधून खेळायची. जाण्याच्या चार दिवस आधी यादीतून तिचं नाव गेलं. हजेरी कमी भरली, असं सरांनी सांगितलं. तिच्या जागी राखीव मुलींतली सत्यशीला गेली.

"सर, पोरगी हातची चाललीय माझी," सत्तारभाई उभ्या उभ्याच म्हणाले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. "घरात खाटेवर बसत नाही, खुर्चीवर बसत नाही. भिंतीकडं तोंड करून उकिडवी बसती. तिच्या अम्मीनं हाक मारली तर उठत नाही. म्हणती, मला खो मिळू दे."

"डॉक्टरला दाखवलं?"

"दाखवलं. गोळ्या दिल्यात. गोळ्या घेती आणि पुन्हा तशीच बसती. आता म्हणती मैदानावर जायचंय. सर, तुमचं ऐकती ती. मला एकच पोर हाय. तुम्ही तिला समजवा आणि माझ्याकडं परत पाठवा. बस, दुसरं काही मागत नाही मी."

"पाठवा तिला," सर म्हणाले. "सुखरूप घरी आणून सोडतो. माझी जबाबदारी."

सत्तारभाईंनी त्यांचे हात हातात घेतले, डोळ्यांना लावले आणि गेले. सर दारातच उभे राहिले. हेच शब्द ते महिन्याभरापूर्वी फोनवर बोलले होते. सत्यशीला दर शनिवारी तिसगावला जायची. सर तिला स्कूटरवरून माळीवाड्याच्या स्टँडवर सोडायचे. ती दोन्ही पाय एका बाजूला सोडून, ओढणी सावरत बसायची. बाकीच्या मुली तिला "नवरी निघाली" म्हणून चिडवायच्या. त्या शनिवारी तिला घरीच जायचं होतं, स्पर्धेला यायचं नव्हतं. मग सरांनी छबूबाईला फोन केला. "मावशी, पाठवा तिला. सोमवारी मी स्वतः तिला तुमच्या गावच्या गाडीत बसवून देतो. माझी जबाबदारी."

"तुमच्या हवाली हाय, सर," छबूबाई म्हणाली होती.

५

अर्शी संध्याकाळी आली. अंगात राखाडी स्वेटर, बोटांना चिकटपट्टी, डोळे खोल गेलेले. मैदानाच्या कडेला चपला काढल्या आणि ती नुसती बघत राहिली. माती त्या वेळी गुळगुळीत होती, गोरक्षनाथनं नुकताच रोलर फिरवला होता.

"सर, किती दिवस झाले त्यांना बसून?" तिनं विचारलं.

ठशांबद्दल सरांनी कुणाला चकार शब्द सांगितला नव्हता.

"कुणाला?"

"असं काय करता? तुम्हीच बसवलंत ना. शिट्टी दिलीत आणि निघून गेलात." ती तक्रार करत नव्हती, साधं सांगत होती. "खो द्यायला कुणी नाही. मी घरी आणि त्या इथं. पाय भरून येतात हो, सर."

तिला समजवायला म्हणून सरांनी तोंड उघडलं. मनाचे खेळ असतात, तू खचलीयस, तुझा काही दोष नाही, असं सगळं त्यांनी ठरवून आणलं होतं. पण "तुझा काही दोष नाही" म्हटल्यावर पुढचं वाक्य आपोआप आलं. महिनाभर ते घशात अडकलं होतं, मेरीलाही त्यांनी ते सांगितलं नव्हतं.

"दोष माझा आहे. तुझी हजेरी पूर्ण भरली होती, अर्शी. तुझा पात्रतेचा फॉर्म माझ्या ड्रॉवरमध्ये राहिला. पाठवायची तारीख गेली तेव्हा माझ्या लक्षात आलं. माझी चूक झाकायला मी तुझं नाव काढलं आणि सत्यशीलाचं घातलं. ती नको म्हणत होती."

त्यांना वाटलं, ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त मान हलवली, गणिताचं उत्तर जुळल्यावर हलवतात तशी.

"म्हणजे पाचव्या चौकोनात ती माझ्या जागी बसलीय," ती म्हणाली.

"असं नाही, बाळा..."

"मग कसं?"

तिनं चपला घातल्या. जाताना स्कूटरवर ती नेहमीसारखी, मुलांसारखी दोन्हीकडं पाय टाकून बसली. मुकुंदनगरला उतरल्यावर म्हणाली, "सकाळी सहाला येते. उशीर झाला तर पाच फेऱ्या."

महिन्याभरात पहिल्यांदा ती हसली होती. सत्तारभाईंनी दारातून ते बघितलं आणि सरांना दोन्ही हात जोडले.

६

सकाळपर्यंत सरांना उलगडा झाला होता. उलगडा कसला, वेड्या माणसाला सुचावा तसा उपाय. पण उपाय साधा होता आणि त्यानं कुणाचं काही बिघडणार नव्हतं. मैदानावर जायचं आणि राहिलेली लांब शिट्टी वाजवायची. ठसे कुणी पोरं काढत असतील तर शिट्टीनं काय होणार? काही नाही. आणि पोरं काढत नसतील, तर आठ जणी उठतील, अर्शीनं कुणाला खो देण्याची गरजच राहणार नाही. सर पाच वाजताच आवरून बसले होते, तरी ड्रॉवरच्या किल्ल्या सापडेनात. शिट्टी विभागातल्या त्याच ड्रॉवरमध्ये, अर्शीच्या त्या फॉर्मवरच ठेवलेली होती. विभागात जाऊन ती घेऊन बाहेर येईपर्यंत सहाला पाच मिनिटं कमी होती.

अजून उजाडलं नव्हतं, कडेच्या दिव्यांच्या उजेडात मैदानावर धुकं होतं. वड दिसत होता, पलीकडचा खांब दिसत नव्हता. आणि पळण्याचा आवाज येत होता, अनवाणी पावलांचा, चवड्यावर पळणाऱ्या मुलीचा. तो आवाज सरांनी झोपेतही ओळखला असता.

"अर्शी!"

पावलं थांबली नाहीत. धुक्यातून ती आली, खांबाला हात लावून वळली आणि मधल्या पाटीच्या कडेनं पलीकडं गेली. ती एकटी होती. पण रिकाम्या मैदानावर माणूस जसा पळतो तशी ती पळत नव्हती. मध्ये काही आहे म्हणून पळत होती. कुठं खांदा आत घेत होती, कुठं पाऊल लांब टाकत होती, कुणाच्या हातावर पाय पडू नये म्हणून.

सर मैदानात धावले. त्यांनी शिट्टी ओठांत धरली. तेवढ्यात ती थांबली, पाचव्या चौकोनाच्या मागं. खाली वाकली. तिचा तळवा हवेत पसरला आणि बसलेल्या मुलीची पाठ जिथं असते, तिथं टेकला. टेकला म्हणजे टेकलाच. त्याच्या पुढं तो गेला नाही.

"खो!"

सरांनी सगळा जीव ओतून शिट्टी फुंकली. लांब, श्वास संपेपर्यंत. पण ती त्या शब्दानंतर वाजली, अर्ध्या श्वासाच्या अंतरानं.

धुक्यात क्षणभर दोघी दिसल्या. एक खाली बसत होती, एक उठत होती. उठणारीच्या पाठीवर संघाची स्पर्धेसाठी शिवलेली नवी पिवळी जर्सी होती. अर्शीला ती जर्सी मिळालीच नव्हती.

मग शिट्टी थांबली. वडावरचे पोपट एकदम उडाले. सरांच्या दोन्ही बाजूंनी थंड हवा सरकल्यासारखी झाली, गर्दी घरी निघते तशी, आणि मैदान मोकळं झालं. पाचव्या चौकोनापाशी राखाडी स्वेटरातली एकच मुलगी उभी होती. ती एकेक पाय झटकत होती, मुंग्या आल्यासारखी.

७

सरांना रडूच आलं. तिला धरून त्यांनी गेटपर्यंत आणलं. हात ऊबदार होता, नाडी चालत होती. त्यांनी खिशातून रुमाल काढून तिचं कपाळ पुसलं.

"संपलं सगळं," ते म्हणाले. "चल, घरी सोडतो."

ती स्कूटरवर बसली. दोन्ही पाय एका बाजूला सोडून. ओढणी नव्हती, तरी हातानं सावरल्यासारखं केलं.

"सर, स्टँडावर सोडता ना?" ती म्हणाली. "तुमी म्हनला हुता सोमवारी सोडतो. लई सोमवार गेले."

अर्शीचा आवाज होता, पण बोलणं अर्शीचं नव्हतं. सरांनी आरशात बघितलं. अर्शीचा चेहरा रस्त्याकडं बघत होता, घरी निघालेल्या माणसाचा असतो तसा.

त्यांनी पुन्हा शहाणपण गोळा केलं. मैत्रिणीच्या मरणाचा धसका घेतलेली मुलगी आहे ही. काल तूच तिच्या मनावर ओझं टाकलंस. ती सत्यशीलाचं सोंग घेतेय आणि आपण घेतोय हे तिलाही कळत नाही. अशा वेळी विरोध करायचा नसतो. छबूबाईला भेटेल, गळ्यात पडून रडेल, मोकळी होईल. संध्याकाळी जाऊन घेऊन येऊ. सगळं पटण्यासारखं होतं. फक्त स्कूटर दोनदा बंद पडली.

स्टँडवर तिसगाववरून जाणारी पाथर्डीची गाडी लागलेली होती. ती उतरली आणि स्वतःच्या उजव्या हाताकडं बघत राहिली.

"हे काय गुंडाळलंय, सर?" तिनं चिकटपट्टी ओढून काढली आणि खाली टाकली. मग पळत जाऊन खिडकीची जागा धरली. गाडी निघाली तेव्हा तिनं हात हलवला, दर शनिवारी हलवायची तसा.

तेवढ्यात फोन वाजला. सत्तारभाई.

"सर, अर्शी भेटली का?"

"भेटली," सर म्हणाले. "बरी आहे. तिसगावला पाठवलंय मैत्रिणीच्या आईकडं. संध्याकाळी आणून सोडतो."

"अल्ला तुमचं भलं करो," सत्तारभाई म्हणाले.

८

तासभर स्टँडवरच बसून सर घरी न जाता मैदानावर परतले. धुकं विरलं होतं, चांगलं ऊन पडलं होतं. गोरक्षनाथ कडेला उकिडवा बसून तंबाखू मळत होता. सर दिसताच तो उठला.

"सर, सात पुसलं गेलं. आपआपच. माती कशी सारवल्यावानी झालीय बघा," तो म्हणाला. "एकच ऱ्हायलाय. मी रोलर फिरवला त्याच्यावरनं, दोनदा. पुन्यांदा उठला."

सर पाचव्या चौकोनाशी गेले. दोन चवडे होते, ताजे. पुढं बोटांचे खळगे. त्यांनी मोजले, एकदा, दोनदा. डाव्या हाताचे पाच, उजव्या हाताचे चार. उजवीकडच्या मधल्या दोन बोटांचा एकच रुंद खळगा होता, चिकटपट्टीनं बांधलेल्या बोटांचा पडतो तसा.

ते मातीत बसले. शिट्टी खो नंतर वाजली होती. ज्या उठल्या त्या शिट्टीच्या आधीपासून बसलेल्या होत्या. अर्शी त्याच क्षणी बसत होती. हिच्यासाठी अजून कुणी शिट्टी दिलीच नव्हती.

खिशात हात घातला तर शिट्टी होती. एक लांब फुंकर, बस. मग अर्शी उठेल. आणि तिकडं? तिकडं जी उठून गेलीय, तिचं काय? सरांनी शिट्टी ओठांशी नेली.

फोन वाजला. छबूबाई होती. शोकसभेनंतर तिनं एकदाही फोन केला नव्हता.

"सर, एक पोर आलीय दारात," ती हळू आवाजात म्हणाली, आतल्या माणसाला ऐकू जाऊ नये तसं. "वळख न्हाई, पाळख न्हाई. सरळ चुलीपशी जाऊन बसली. म्हनली, आई, लई भूक लागलीय. सत्या जशी भाकरीचा पापुद्रा आधी काढून खायाची ना, तशीच खाती. मला लई भ्या वाटतंय, सर. पर तिला उठ म्हनवत न्हाई. काय करू मी?"

फोनमध्ये मागं कुठंतरी ताटलीचा आवाज आला, आणि कुणीतरी "आई, कांदा दे की" म्हणालं.

"सर? हायसा ना?"

"आहे," सर म्हणाले. "मावशी, तिला जेवू द्या. पोटभर जेवू द्या. घाई करू नका."

"आन् मंग?"

त्यांनी फोन खाली ठेवला. शिट्टी मुठीत होती, शोकसभेच्या दिवशी होती तशीच ओली. समोर ऊन पडलेला रिकामा चौकोन होता. मातीत बोटांचे नऊ खळगे हळूहळू आणखी खोल जात होते, पुढं भार घेतल्यासारखे. मग गुडघा वाजला. कट्.

"सर," चौकोनातून आवाज आला, अगदी जवळून, थकलेला, "पाय भरून आलेत."

इमॅन्युएल सरांनी घड्याळाकडं बघितलं. डोळ्यांतलं पाणी पुसायचं त्यांच्या लक्षात आलं नाही.

"अजून थोडं, अर्शी," ते म्हणाले. "अजून थोडं, बाळा."